सैल रेघ, आठवडी बाजार

आठवडी बाजारात वही उघडून पेन चालवणाऱ्या माणसावर मराठवाड्यात पहिला संशय येतो तो सरकारी असल्याचा. पंचनामा चाललाय, पीकविम्याची यादी चाललीय, नाहीतर पेपरवाला तरी असणार. "काय लिवायलाव?" असं कुणीतरी विचारतंच. तोंडानं उत्तर देण्यापेक्षा वही त्यांच्याकडं फिरवावी. लिहिणं नाही, चित्र आहे, हे दिसलं की संशय फिटतो आणि दुसरी पंचाईत उभी राहते. "मामाचं काढा की!" मामा लगेच टोपी नीट करतात, ताठ बसतात, आणि पाठीच्या ज्या बाकासाठी पेन उघडलं होतं तो बाकच जातो.

पेनानं भरभर काढलेल्या चित्रातली सैल रेघ आणि गबाळी रेघ यांत पुष्कळांचा घोळ होतो. गोधडीवरचा धावदोरा जवळून बघावा. टाका कुठं लांब, कुठं आखूड, ओळ जराशी नागमोडी. पण दोरा कुठं वळवायचा हे शिवणाऱ्या बाईला पक्कं ठाऊक असतं. सैल रेघ तशी असते. गबाळी रेघ म्हणजे समोर न बघता मारलेली रेघ, मग ती कितीही झोकात मारलेली असो.

सैलपणा अडतो तो आधी हातात. अक्षर वळणदार यावं म्हणून शाळेत पेन टोकाजवळ धरायला आणि मनगट टेकवायला शिकवतात. मनगट टेकलं की रेघ तीन-चार सेंटिमीटरांच्या पुढं जात नाही. मग हात सरकवून ती जोडावी लागते, आणि या जोडाजोडीत रेघेला केस फुटतात. पेन टोकापासून चार-पाच सेंटिमीटर मागं धरावं, करंगळीचं नख तेवढं कागदाला लागू द्यावं आणि हात कोपरातून हलवावा. पहिली आठ-दहा पानं खराब होतात. ती फाडू नयेत, मागच्या कोऱ्या बाजूला पुढची चित्रं बसतात.

पेनाचं म्हणाल तर साधं बॉलपेन घ्यावं. हलकं धरलं तर राखाडी, दाबलं तर गडद, एवढा पल्ला जेलपेनात नाही. दोष दोन: टोकाशी शाईचा गोळा साचतो आणि नेमका डोळ्याच्या जागी पडतो, म्हणून गुडघ्यावर चिंधी ठेवून दर दोन-तीन मिनिटांनी टोक पुसावं; आणि उजेडात राहिलेलं पान काही वर्षांत फिकं पडतं. जेलपेनाची रेघ एकसारखी काळी येते, पण घामाचा किंवा भज्याच्या तेलाचा हात कागदाला लागलेला असेल तिथं ती अडकते. हाताखाली रद्दीचा कपटा ठेवला की भागतं. फाउंटन पेनाची मजा वेगळी, त्याची उन्हाळ्यातली खोडही वेगळी. अर्धवट भरलेल्या पेनातली हवा उन्हानं फुगते आणि शाई बाहेर ढकलते, खिशावर निळा गोल उमटतो. पेन पूर्ण भरून, निब वर ठेवून न्यावं. त्यात वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक भरायचा मोह मात्र आवरावा. त्या शाईत बहुधा लाख असते, ती वाळली की पेन कायमचं बसतं. साधी विरघळणारी शाई असेल तर ओलं बोट फिरवून सावलीचा राखाडी रंग फुकटात मिळतो.

झेरॉक्सचा ७०-७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कागद बॉलपेनाला पुरतो, पण फाउंटन पेनाची शाई त्यावर फुटते. ओलं बोट फिरवायचं तर १५० जीएसएमच्या आसपासचा कार्ट्रिज कागद हवा. आकार ए-५, म्हणजे ए-४ चा निम्मा. त्याहून मोठी वही गर्दीत उघडली की जत्रा भरते.

बाजारात उभं राहून काढायचं तर एक गोष्ट आधी बघून ठेवावी. जमीन सपाट असेल आणि उंची साधारण सारखी असेल, तर उभ्या माणसांची डोकी, जवळची काय आणि लांबची काय, आपल्या डोळ्यांच्या रेषेतच येतात. फरक पायांत पडतो: जवळच्याचे पाय पानाच्या तळाशी, लांबच्याचे वर. हे न बघता लांबची माणसं नुसती छोटी काढली की ती खड्ड्यात उभी दिसतात. उकिडवा बसलेला माणूस साधारण साडेतीन-चार डोक्यांत मावतो, उभा सात-साडेसात. डोकं आणि पाय कुठं येणार याचे दोन ठिपके आधी द्यावेत, नाहीतर चेहरा रंगात येतो आणि पाय पानाबाहेर जातात. खोडरबर नाही, म्हणून जे पुढं आहे ते आधी काढायचं. तागडी, मग ती धरणारा हात, मग मागचं पाल. मागची रेघ पुढच्या वस्तूला भिडण्याआधी केसभर थांबवावी, तेवढ्या फटीतून हवा खेळते.

इमारतींचं थोडक्यात. लातूरच्या गंजगोलाईला, म्हणजे तिथल्या गोल बाजारपेठेला, सोळा रस्ते येऊन मिळतात आणि तिथल्या कमानी गोलाकार वळत जातात. समोरची कमान पूर्ण काढावी, कडेची निमुळती होऊन जवळजवळ उभी चीर झालेली काढावी, मधल्या नुसत्या खुणेनं सोडाव्यात. मोजून सगळ्या काढणाऱ्याचं चित्र नकाशासारखं होतं.

उन्हाचं जरा सविस्तर सांगायला हवं. मेच्या मध्याच्या सुमाराला मराठवाड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, माणसाची सावली पायांखाली गोळा होते आणि आकाराला खोलीच उरत नाही. सकाळी आठ ते दहा आणि चारनंतर सावल्या लांबतात, तेव्हा चित्र निम्मं आयतं मिळतं. त्यातही लिंबाखाली बसलेली पांढऱ्या धोतराची माणसं शोधावीत. धोतर काढायचं नसतंच. मागचा बुंधा, त्याच्या फटी, बाजूच्या पोत्यांतला अंधार एकाच दिशेच्या तिरक्या रेघांनी भरत आणावा, धोतर आपोआप पांढरं होऊन पुढं येतं. मग गुडघ्याशी दोन चुण्या, बस. धोतराला चारी बाजूंनी बंद रेघ मारली की ते पत्र्याचं होतं.

आणि बैल. देवणी जातीची ठेवण पेनासाठीच घडवल्यासारखी. तिचे तीन प्रकार: शेवऱ्याच्या अंगावर काळे वेडेवाकडे डाग, वानेऱ्याचं अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, बालंक्या जवळजवळ पांढराच. लाल कंधारी ही दुसरी जात मात्र एकरंगी, तिथं अंगाच्या गोलाईनं वळणाऱ्या रेघाच कामाला येतात. सुरुवात पुढं आलेल्या कपाळापासून करावी आणि मान, वशिंड, पाठ, शेपटीचं मूळ अशी एका दमात रेघ न्यावी. तिथं बैलाची जात कळते. मग लोंबते कान, गळ्याची पोळी, पोट. मागच्या पायाशी बहुतेक जण फसतात. मागं वळलेला तो सांधा गुडघा नसून आपल्या टाचेच्या जागचा असतो, खरा गुडघा वर पोटाशी लपलेला. माणसाचा पाय मनात धरून काढला की बैल मागं बसकण मारल्यासारखा दिसतो.

बैल हलणार. त्याच्या मानेमागं पेन पळवू नये. त्याच पानावर शेजारी दुसरा बैल सुरू करावा, त्यानं पुन्हा मान फिरवली की तिसरा. माश्या हाकलणारं जनावर फिरून फिरून त्याच तीन-चार पवित्र्यांत येतं. येईल त्या पवित्र्यातल्या चित्रात एक-दोन रेघा घालत जावं, तासाभरात एखादा तरी पुरा होतो. तेवढ्यात उपरण्याखाली बोटं धरून सौदा ठरला तर कासरा सुटतो आणि बैल चालू लागतो. पान आहे तसं ठेवून कोपऱ्यात तारीख आणि गावाचं नाव घालावं. मागून वाकून बघणारे मामा विचारतातच, "ह्याला तीनच पाय हायेत की वो?" चौथा पाय एव्हाना टेम्पोत चढलेला असतो.