मामाच्या डीटीपीचं मशीन : आता अक्षरं बाहेर काढायची

मामाच्या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावून छपाईला तयार करायच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर मी दुरुस्तीला घेतला आहे, त्यावरच्या फाइलींत अडकलेला मराठी मजकूर बाहेर काढायला. मशीन एकदाचं पोस्ट झालं, म्हणजे सुरू होतानाची स्वतःची तपासणी त्याने पार केली. एकच बीप, मेमरी मोजत मोजत ६५५३६ केबीवर जाऊन थांबली, आणि स्क्रीनवर प्रोसेसरचं नाव, ‘सेलेरॉन ३०० ए’. ज्यांनी ही चिप वापरली आहे त्यांना वेगळं काही सांगायला नको. १९९८ ची, किमतीला स्वस्त, पण १२८ केबीची कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली वेगवान मेमरी, चिपच्या आतच आणि चिपच्याच वेगाने धावणारी. चिपला बोर्डाशी जोडणारा ६६ मेगाहर्ट्झचा बस १०० वर नेला की थेट ४५० मेगाहर्ट्झ! मामाने तसलं काही केलं नव्हतं. त्याच्या दुकानात खोळंबा व्हायचा तो प्रिंटरपाशी, त्यामुळे मीही ते ३०० वरच ठेवलं आहे.

मशीन मिरजेच्या दुकानातलं. १९९९ मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेलं. ‘ब्रँडेड’ घ्यायची ऐपत नसलेले आपण सगळे तेव्हा ‘असेंबल्ड’वालेच होतो. मॉनिटरला कापडी कव्हर, खाली यूपीएस, आणि दुकानात शिरताना चपला बाहेर. लग्नपत्रिका, वर्गणीची पावतीपुस्तकं, सोसायटीचे अहवाल, सगळं पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावायचं, लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग (अर्धपारदर्शक कागदावरची प्रत) काढायचं आणि प्लेट करायला ऑफसेटवाल्याकडे पाठवायचं. “स्क्रीनवरचं खरं मानू नकोस रे, ट्रेसिंगवर उमटलं तरच खरं,” असं मामा म्हणायचा. वेलांटी अक्षरावर चढलेली कितीदा तरी कागदावरच सापडायची.

हार्डवेअरचं थोडक्यात. प्रोसेसरजवळचे कपॅसिटर डोक्यावर फुगले होते. तिथे ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरडचे, १०५ अंशांचे, कमी अंतर्गत रोधाचे (लो-ईएसआर) टाकले. जुने काढण्याआधी फोटो काढून ठेवा. कपॅसिटरची दिशा दाखवणारी बोर्डावरची अर्धी पांढरी खूण प्रत्येक उत्पादक एकाच अर्थाने छापत नाही. ग्राउंडचा पाय सुटत नसेल तर जोर लावू नका, आधी थोडं ताजं सोल्डर चढवा. हार्ड डिस्क खडखडत होती. तिच्यातलं जेवढं निघालं तेवढं उतरवून घेतलं आणि तिच्या जागी आयडीई अडॅप्टरवर ४ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवलं. विंडोज ९८ ला तेवढं भरपूर होतं. डिस्कचा तो आवाज मात्र गेला, ते जरा चुकल्यासारखं वाटतं.

आता मुख्य काम, मामाच्या जुन्या फाइलींतला मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणायचा. एवढी खटपट करण्यापेक्षा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला जुना कॉम्प्युटर, का नाही, असं मला सारखं विचारलं जातं. कारण पॅरलल पोर्टला, म्हणजे मागच्या प्रिंटरच्या खाचेत, लावायचं ते लॉक, सॉफ्टवेअरची नक्कल रोखणारा छोटा डबा. मामाचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर ते लॉक दिसल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि मला ते चालूच हवं आहे.

मामाची जुनी फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली तर नुसती टोप्या-टिंबं लावलेली रोमन अक्षरं दिसतात. सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक आकडे देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, भारतीय लिप्यांसाठी इस्कीचं मानकही होतं. पण विंडोज ९८ ला देवनागरी येत नव्हती, ती पुढे विंडोज २००० मध्ये आली. तोवर प्रत्येक कंपनीने रोमन अक्षरांच्या जागी आपापले देवनागरी तुकडे बसवले, आणि तेही आपापल्या क्रमाने. म्हणजे फाइलमध्ये ‘ग’ नाहीच. तिथे आहे गचं अर्धं अंग आणि पुढे वेगळा दंड. फॉन्ट हरवला की मजकूरही हरवला.

म्हणून लॉक लावलं, सॉफ्टवेअर चालू केलं, आणि मामाला शेजारी बसवून सगळी बाराखडी टाइप करून घेतली. त्याची बोटं अजून टाइपरायटरच्याच कीबोर्डवर पळतात, मला तो लेआउट येत नाही. प्रत्येक अक्षराला कुठले आकडे पडतात त्याचा तक्ता झाला आणि त्यावरून छोटा कन्व्हर्टर लिहिला.

आकडे बदलले की झालं, असं मात्र नाही. या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती दिसते तिथेच टाइप केली जायची. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर हवी. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी तर अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारून न्यावी लागते. रफाराचं उलटं. तो डोक्यावर दिसतो म्हणून फाइलमध्ये शेवटी असतो, आणि युनिकोडमध्ये त्याचा र जोडाक्षरात सगळ्यात आधी हवा. ‘मूर्ती’ नीट उमटली त्या दिवशी मामाने चहा मागवला.

सध्या अडलंय अर्ध्या र वर. ‘दर्या’ बरोबर येतो, ‘दऱ्या’चाही ‘दर्या’च होतो. तक्त्यात त्या अर्ध्या र ला वेगळी ओळ द्यावी लागेल.

मामाच्या जुन्या फ्लॉपींपैकी बऱ्याच वाचल्या. काहींच्या आतल्या चकतीवर पांढरी बुरशी आहे, झाकण सरकवलं की दिसते. तसली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड खराब होईल आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीही ओरबाडल्या जातील. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसून, वाळवून, मगच. मामाला जो अहवाल हवा आहे तो नेमका अशाच एकीवर आहे. ग्रीसविझल हे फ्लॉपी वाचायचं छोटं उपकरण मागवलं आहे. ते आलं की चकतीवरचा कच्चा चुंबकीय सिग्नल एकदा उतरवून घेईन, मग सेक्टर, म्हणजे माहितीचे तुकडे, सावकाश जुळवत बसता येईल.