जुलैतली श्रीलंका: बोगद्याच्या अलीकडे पाऊस, पलीकडे ऊन

आषाढात फिरायला निघणाऱ्या माणसाकडे आमच्या साताऱ्यात जरा वेगळ्याच नजरेने बघतात. “अगं, छत्रीखालून देश बघणार आहेस का?” असं सासूबाईंनी विचारलं. ट्रॅव्हलवाल्याने तर न बोलता डिसेंबरच्या पॅकेजचं पत्रकच पुढे सरकवलं. श्रीलंकेचा सीझन डिसेंबर ते मार्च, हे तो सगळ्यांनाच सांगतो. ते खरंही आहे, पण अर्ध्या श्रीलंकेपुरतं. मला उरलेली अर्धी बघायची होती.

देश केवढा, तर महाराष्ट्राच्या एक चतुर्थांशही नाही. पण बेटाच्या दक्षिणेकडच्या पोटात डोंगरांचा मोठा गठ्ठा बसलाय. त्यातलं सगळ्यात उंच शिखर पिदुरुतलागला, 2,524 मीटर. आणि या गठ्ठ्यावर पाऊस दोन बाजूंनी येतो. मे ते सप्टेंबर आपलाच नैऋत्य मोसमी वारा येतो आणि पश्चिम उतार भिजवतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा वारा बंगालच्या उपसागरावरून येतो आणि पूर्व-उत्तर भिजवतो. मधल्या दोन फटी, म्हणजे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, दुपारच्या गडगडाटी पावसाच्या. त्यामुळे तिथल्या माणसाला “तुमचा पावसाळा कधी?” असं विचारलं की तो आधी “कुठला?” असं विचारतो.

सातारकरांना पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कोरडा पट्टा, शिकवावी लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सावली कुणावर पडायची हे आपल्याकडे कायमचं ठरलंय: घाट ओला, माण कोरडं. श्रीलंकेत ही सावली वर्षातून दोनदा कूस बदलते, हे मी वाचलं होतं. ते जमिनीवर कसं दिसतं, एवढ्यासाठी जुलै निवडला.

कोलंबोने पहिल्याच दिवशी माझा मुंबईचा अनुभव निकालात काढला. जुलै म्हणजे मुंबईत आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस. कोलंबोत याच महिन्यात सरासरी दोनशेही होत नाही. त्यांचा खरा जोर मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. आकाश राखाडी, हवा चिकट, मधूनच एक सर, की लगेच रस्ता वाळायला लागतो. कोकणच्या पाठीशी सह्याद्री लगेच उभा राहतो, कोलंबोचे डोंगर बरेच आत आहेत. ढग ओझं घेऊन तसेच पुढे जातात.

त्या ढगांच्या मागे जाण्याची उत्तम सोय म्हणजे डोंगरापलीकडच्या बदुल्लाला जाणारी रेल्वे. पहाटे कोलंबो फोर्ट स्टेशनवरून गाडी पकडली. रंबुक्कनानंतर चढ लागतो आणि गाडी वेगाचा नाद सोडून देते. डब्यात विक्रेते “वडे, वडे” ओरडत फिरतात. डाळीचा वडा, वर खारवलेलं कोळंबीचं बाळ, सोबत तळलेली लाल मिरची, आणि बांधायला कुणाच्या तरी गणिताच्या वहीचा कागद. माझ्या पुडीवर अर्धवट सोडवलेलं समीकरण होतं.

नावलपिटिया सोडल्यावर काचा लावायची वेळ आली. वटवळाच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा या महिन्यांत. बाहेर चहाचे मळे होते असं म्हणायचं, कारण दिसत होती ती फक्त रुळालगतची चार-दोन झुडपं आणि पुढे पांढरं. मळ्यातल्या बायका डोक्यावरून प्लॅस्टिक घेऊन खुडत होत्या. आपल्याकडे भातलावणीला इरलं असतं, तसंच.

हॅटनला एक गुरुजी चढले. मळ्याच्या शाळेत शिकवणारे तमिळ गृहस्थ, बंडारवेलाला बहिणीकडे निघालेले. अंगात स्वेटर, त्यावर रेनकोट, आणि हातात एक पिशवी, जिच्यात म्हणे हाफ शर्ट होता. “बहिणीकडे हा लागेल,” ते म्हणाले. मी हसले. त्यांना हसू आलं नाही.

नानुओयाला निम्मे पर्यटक नुवारा एलियासाठी उतरले. गार वारा, भुरभुर, तापमान पंधरा-सोळाच्या घरात. अंबेवेलाला झाडं सगळी एकाच बाजूला कललेली, आणि त्यांच्या पलीकडे पवनचक्क्या. मग पट्टीपोला: 1,898 मीटर, देशातलं सगळ्यात उंच स्टेशन. फलाटावर धुकं इतकं की गार्डचा झेंडा दिसला, गार्ड दिसला नाही.

इथून पुढे लगेच एक बोगदा आहे. मध्य प्रांत संपतो आणि उवा प्रांत सुरू होतो. गुरुजींनी रेनकोटची बटणं काढायला सुरुवात केली. गाडी आत शिरली तेव्हा काचेवरून पाणी ओघळत होतं. बाहेर आली तेव्हाही ओघळत होतं, फक्त आता त्या थेंबांतून निळं आकाश दिसत होतं. ढग मागे डोंगराच्या माथ्यावर अडून बसले होते. त्यांची किनार वाऱ्याने पुढे ढकलली जाई आणि उतारावर येता येता विरून जाई. सगळा डबा उजव्या बाजूच्या खिडक्यांना चिकटला. गुरुजींनी स्वेटर घडी करून पिशवीत ठेवला.

दरवेळी इतकं लख्ख कापल्यासारखं होत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. कधी ढग बोगद्याच्या पलीकडे ओहियापर्यंत सांडतात, कधी दोन्हीकडे ऊन असतं. “पण जानेवारीत या. मग आमच्याकडे हॅटनला निळं आकाश, आणि इकडे बदुल्लाला पाऊस. तेव्हा हा रेनकोट मी इकडे येताना घालतो.” जानेवारीतल्या त्या निरभ्र रात्रींत नुवारा एलियाच्या बाजूला दहिवर गोठतं आणि चहाची कोवळी पानं करपतात, असंही ते म्हणाले. वेण्णा तलावाकाठी गोठलेलं दहिवर बघायला पहाटे धावणारे आम्ही, ते मला लगेच पटलं.

हापुतले हे गाव डोंगराच्या धारेवर बसलंय. दोन्हीकडे दरी, आणि जुलैत त्या धारेवरून वारा असा सुटतो की हॉटेलच्या पत्र्यावर दगड ठेवलेले असतात. रात्री मला आधी वाटलं ट्रक जातायत. हा तोच नैऋत्य वारा, पाऊस पलीकडे टाकून आलेला. त्याचं गणित सोपं आहे. ओली हवा डोंगर चढते तेव्हा थंड होते, पण वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, म्हणून ती हळूहळू थंड होते. पलीकडे उतरताना मात्र कोरडी झालेली असते, आणि मग दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी तापत जाते. चढताना जितकी उष्णता गेली त्याहून जास्त उतरताना मिळते. खाली पूर्वेकडच्या तमिळ भागात या गरम वाऱ्याला कच्चान म्हणतात आणि त्याचं नाव काढताना कपाळाला आठ्या घालतात.

चहावाले मात्र याच वाऱ्याची वाट बघतात. उवाचा सगळ्यात नावाजलेला चहा जुलै ते सप्टेंबरमधला. कोरड्या वाऱ्याने झुडूप ताणाखाली येतं, वाढ मंदावते, आणि पानात एक गारसर, जवळजवळ पुदिन्यासारखा वास उतरतो. डोंगराच्या पश्चिमेकडच्या दिंबुला भागाचा उत्तम चहा जानेवारी ते मार्चचा, कारण तेव्हा कोरडं तिकडे असतं. दंबतेन्नच्या कारखान्यात मी दोन्ही शेजारी ठेवून प्यायले. फरक कळला, अगदी माझ्यासारख्या दूध-साखर-आल्यावाल्या जिभेलाही. आलं घालायला मिळालं असतं तर दोन्ही आणखी आवडले असते, पण ते तिथे बोलायची सोय नव्हती.

या वाऱ्याची दुसरी बाजू आजूबाजूच्या टेकड्यांवर दिसते. उवातली पतना म्हणजे गवताळ माळ. जुलैत ते पिवळं पडतं आणि ऑगस्टपर्यंत कुठे ना कुठे वणवा असतोच. चहाच्या हिरव्या उताराशेजारी काळा जळका पट्टा. आपल्याकडचे फाल्गुनातले डोंगर इथे आषाढात भेटले.

एल्लाबद्दल फार लिहीत नाही. नऊ कमानींच्या पुलावर इतकी माणसं फोटो काढत होती की पूल दिसायला ट्रेन यावी लागली. तिथून बसने खाली वेल्लवाया, मग मोनरागलाच्या बाजूने पूर्वेला. प्रत्येक वळणावर एकेक कपडा नकोसा होत गेला. बुत्तलाच्या आसपास ऊस दिसला आणि मी बसमधून मान बाहेर काढली. साखर कारखानाही आहे तिथे. उसाची मोळी आणि रस्त्यावर सांडलेली पाचट बघून परदेशात आल्याची भावनाच गेली.

पूर्व किनाऱ्यावरच्या पोतुविल आणि अरुगम बे इथे जुलै म्हणजे ऐन हंगाम. लाटांवर फळ्या घेऊन नाचणारी गोरी पोरं, रात्री उशिरापर्यंत उघडी हॉटेलं. इथे नैऋत्य वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणून लाट विस्कटत नाही, स्वच्छ वळून येते. त्याच वेळी दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर, मिरिसा-हिक्कडुवाकडे, समुद्र खवळलेला असतो. डिसेंबरात उलट: इथली निम्मी दुकानं बंद, तिकडे जत्रा. आपल्या कोकणात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या. इथले कितीतरी कोळी मात्र किनाराच बदलतात. पश्चिमेचे, नेगोंबो-चिलावकडचे, बिऱ्हाड घेऊन पूर्वेला त्रिंकोमालीकडे येतात, झोपड्यांचे तळ ठोकतात, आणि वारा फिरला की परत. एकाने मला सरळ सांगितलं, घर दोन ठिकाणी आहे, पाऊस एकाही ठिकाणी नाही.

पण पूर्व किनाऱ्यावर मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते कतरगामाच्या वाटेवरच्या लोकांनी. पार उत्तरेतून, जाफन्याकडून, पूर्व किनाऱ्याने पायी येणारी ही मंडळी पोतुविलवरून ओकंदाला जातात आणि तिथून कुमना-यालाचं जंगल ओलांडून कार्तिकेयाच्या दर्शनाला कतरगामाला पोचतात. यात्रा असते एसला महिन्यात. एसला म्हणजे आपला आषाढच. एकाच महिन्यात आपले वारकरी चिखल तुडवत पंढरपूरला पोचतात, आणि इथे कपाळाला विभूती फासलेल्या आजीबाई तापलेल्या वाळूत अनवाणी, डोक्यावर बोचकं, हातात वेल म्हणजे कार्तिकेयाचा भाला. पाण्याचे टँकर, ताक वाटणारी पोरं, रात्री देवळाच्या आवारात आडवे झालेले पाय. त्या जंगलातून पायी जायचं तर कोरडाच ऋतू हवा. ईशान्य पावसात ती वाट चिखलाची आणि ओढ्यांची. एका मावशींना मी खुणांनी विचारलं, पाऊस कधी? त्यांनी समुद्राकडे बोट दाखवलं, मग बोटं मोजून ऑक्टोबर दाखवला आणि माझ्या हातावर विभूती ठेवली.

उत्तरेकडे पोलोन्नरुवाला गेल्यावर कळलं की हे सावलीचं प्रकरण या लोकांनी किती आधी ओळखलं होतं. देशाचा बहुतांश भाग कोरड्या पट्ट्यात येतो. पाऊस मिळतो, पण ऑक्टोबर ते जानेवारीत गर्दी करून, आणि मग महिनोन्‌महिने नाही. म्हणून तळी. पहिल्या पराक्रमबाहू राजाने, बाराव्या शतकात, पराक्रम समुद्र नावाचं तळं वाढवलं. पावसाचा एक थेंबही लोकांच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला मिळू नये, असं तो म्हणाल्याचं सांगतात. आजही भाताचे दोन हंगाम याच हिशेबाने: पावसावरचा मोठा ‘महा’ आणि तळ्यावरचा छोटा ‘यल’. आम्ही गेलो तेव्हा यलचं पीक उभं होतं, आणि कोण किती पाट फोडतंय यावर बांधावर भांडण चालू होतं. शब्द कळत नव्हते, विषय पूर्ण कळत होता.

जवळच मिन्नेरियाचं तळं, महासेन राजाचं, तिसऱ्या शतकातलं. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं आणि जुलै ते सप्टेंबर आजूबाजूच्या जंगलातले हत्ती तिथे कळपाने उतरतात. संध्याकाळी जीपांची गर्दी त्रासदायक, ड्रायव्हर एकमेकांना रेटतात. हत्ती मात्र गवत उपटून, पायावर आपटून माती झटकून खाण्यात दंग. दंबुल्लाचं क्रिकेट मैदानही याच कोरडेपणापायी बांधलं गेलं: कोलंबोकडे पाऊस असेल तेव्हाही सामने व्हावेत म्हणून.

आता कुणी विचारलंच, तर माझं सांगणं असं. मे ते सप्टेंबर जायचं असेल तर हापुतलेपासून पूर्वेला आणि उत्तरेला जा. दक्षिण-पश्चिमेचे किनारे आणि श्रीपादाचं (ॲडम्स पीक) शिखर डिसेंबर ते मार्च-एप्रिलसाठी ठेवा. श्रीपादाची यात्राच मुळी डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वैशाख पौर्णिमेपर्यंत असते. डिसेंबरच्या पॅकेजमध्ये त्रिंकोमालीची बीच असेल तर ट्रॅव्हलवाल्याला दोन प्रश्न जास्त विचारा. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला हलकं घेऊ नका. 2025 च्या नोव्हेंबरअखेरीस दितवा चक्रीवादळ आलं, डोंगर खचले, शेकडो माणसं गेली, आणि मी बसले होते त्या घाटातल्या रेल्वेमार्गाची जागोजागी मोडतोड झाली. त्यामुळे या मार्गाने जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी गाडी कुठून कुठपर्यंत चालू आहे, याची चौकशी करा. खिडकी कोलंबोकडून येताना उजवीकडची घ्या, आणि सामानात हाफ शर्ट आणि स्वेटर दोन्ही वरच ठेवा.