गाडी किती स्पीडला बोलायला लागते?

गेला आठवडाभर माझी होंडा सिटी गॅरेजला उभी आहे, स्टेअरिंग रॅकची, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणाऱ्या भागाची, सगळी सील बदलायला टाकलीयेत. २००१ चं मॉडेल, १.५ लिटरचं व्हीटेक, म्हणजे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्हची चाल बदलणारं होंडाचं इंजिन, आता रबर ते रबर, एवढ्या वर्षांत कडक होणारच, त्यात कुणाचा दोष नाही. पण सील किटसाठी नाना पेठेत तीन चकरा झाल्या आणि तिसऱ्या चकरेला दुकानातले काका म्हणाले, "साहेब, एवढं हिंडण्यापेक्षा नवीन गाडी घेऊन टाका की, इलेक्ट्रिक स्टेअरिंग येतं, तेल नको, पंप नको, काही कटकटच नाही." काका अगदी मायेनं बोलले, आणि कटकटीचं म्हणाल तर खरंच बोलले. पण मला ती कटकट हवीये, आणि का हवीये ते काउंटरवर उभ्या उभ्या सांगता येईना, म्हणून इथे लिहितोय.

जूनमधली गोष्ट आहे. पहिला पाऊस होऊन दोनच दिवस झालेले, सकाळी साडेसहाला मी एकटाच ताम्हिणीत. मुळशीचं पाणी मागे पडलं की झाडी दाट होते आणि रस्ता नुसता वळत राहतो, तिथे एक उजवं वळण आहे, दिसायला साधं पण आत शिरल्यावर आवळत जाणारं. स्पीड पन्नास, तिसरा गिअर. वळणात शिरलो, हातात नेहमीचा ताण होता, म्हणजे चाकं सरळ व्हायला बघतायत आणि आपण त्यांना धरून ठेवलंय असा जो एक जोर असतो ना, तो. आणि मधेच तो जोर ओसरला. स्टेअरिंग हलकं लागलं, अर्धा सेकंदसुद्धा नसेल. डोळ्यांना काही दिसलं नव्हतं, पण डोंगरावरची लाल माती वाहून आली होती आणि तिचा पातळ थर डांबरावर पसरला होता. हाताला आधी कळलं, पाय आपोआप ढिला झाला, पुढच्या चाकांनी परत रस्ता धरला, जोर परत हातात आला. टायर ओरडले नाहीत, गाडी घसरली नाही, शेजारी कुणी बसलं असतं तर त्याला काही झालं हे कळलंही नसतं. तेवढ्या अर्ध्या सेकंदासाठी मी ही गाडी ठेवलीये.

महिन्याभराने त्याच रस्त्यावर मित्राची पोर्शे ७१८ केमन चालवली. कॉलेजपासूनचा मित्र, बाणेरला असतो, पौडला चहा झाल्यावर किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "चालव रे बिनधास्त." दोन लिटरचं टर्बो इंजिन, ३०० हॉर्सपॉवर, पीडीके म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गाडी सुंदर आहे, बसण्याची पोझिशन, ब्रेक, बॉडीचा घट्टपणा, कशालाही नाव ठेवायला जागा नाही. आणि ते वळण आलं. पन्नासला काहीच नाही. परतताना साठला गेलो, तरी गाडी निवांत, तिच्या लेखी तो सरळ रस्ताच. तिला जागं करायचं तर तिथे भलत्याच स्पीडला जायला पाहिजे, आणि ताम्हिणीत पुढच्या वळणामागे म्हशी असतात, धबधब्यापाशी गाडी लावून रस्त्यातच उभी असलेली माणसं असतात, लहान मुलं असतात. मी गेलो नाही. मित्रही कधी जात नाही. त्याने ही गाडी घेतल्यापासून तिचा खरा आवाज एकदाच ऐकलाय, तो सुद्धा ट्रॅकवर.

मला विचाराल तर सगळा मामला इथेच आहे, गाडी किती स्पीडला बोलायला लागते त्यात. सिटी चाळीसला बोलायला लागते. नवीन स्पोर्ट्स कार आपल्या घाटात जेवढं जाणं शोभतं तेवढ्या स्पीडला तोंडच उघडत नाही.

आता कुणीतरी म्हणणारच की सिटी ही स्पोर्ट्स कार कधी झाली. बरोबर आहे, चार दारांची सेडान आहे. पण त्या काळात आपल्याकडे होतं काय? १९९८ मधे सॅन स्टॉर्म आली, गोव्यात बनायची, दोन सीट, फायबरची बॉडी, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, आणि रस्त्यावर दिसली की माणसं वळून बघायची एवढी ती दुर्मिळ. बाकी खरी स्पोर्ट्स कार म्हणजे पोस्टरवर. मग २००० च्या आसपास १०६ हॉर्सपॉवरची व्हीटेक आली आणि पाच हजार आरपीएमच्या पुढे तिचा आवाज बदलायला लागला तेव्हा आमच्या पिढीच्या कित्येक पोरांना पहिल्यांदा कळलं की इंजिनला वरचा सूर पण असतो.

स्टेअरिंगचं थोडं नीट सांगतो, कारण "फील" हा शब्द सगळे वापरतात पण तो येतो कुठून ते कमी जण सांगतात. वळणात पुढचं टायर पिळलं जातं आणि स्वतःहून सरळ व्हायला बघतं, तोच जोर रॅकमधून, कॉलममधून हातात येतो. गंमत अशी की टायरची पकड संपायच्या थोडं आधी हा जोर कमी व्हायला लागतो. म्हणजे गाडी घसरायच्या आधीच स्टेअरिंग हलकं होऊन सांगतं की बाबा आता बास. हायड्रॉलिकमधे, म्हणजे माझ्या सिटीत आहे तशा स्टेअरिंगमधे, तेलाचा दाब मदत करतो पण हा निरोप बऱ्यापैकी तसाच पोचतो. इलेक्ट्रिकमधे मधे एक मोटर बसलेली असते, तिचं स्वतःचं वजन, तिचं घर्षण, आणि वर सॉफ्टवेअर, जे खड्ड्यांचे बारीक हादरे नको म्हणून गाळून टाकतं आणि त्यात कामाचा निरोपही गाळला जातो. कंपन्यांनी हे उगाच केलं असं मी म्हणणार नाही. हायड्रॉलिक पंप इंजिनच्या पट्ट्यावर सारखा फिरत राहतो, तुम्ही सरळ जात असलात तरी पेट्रोल खातो, इलेक्ट्रिक मोटर लागेल तेव्हाच वीज घेते. शिवाय लेन असिस्ट, म्हणजे गाडीने स्वतःच लेनमधे राहणं, आपोआप पार्किंग, हे सगळं तिच्याशिवाय कठीण. पोर्शेने २०११ च्या ९११ मधे इलेक्ट्रिक आणलं तेव्हा केवढा वाद झाला होता, आणि पोर्शेचं इलेक्ट्रिक स्टेअरिंग तर त्यातल्या त्यात उत्तम मानतात.

आणि वजन. बीएमडब्ल्यूची १९८६ ची पहिली एम३ साधारण १२०० किलोची होती, आजची १७०० च्या वर आहे, नवीन हायब्रिड एम५ तर २४०० किलोच्या पुढे. एवढं वजन आवरायचं तर रुंद टायर लागतात, रुंद टायरची पकड इतकी की घाटातल्या स्पीडला ते फारसे पिळलेच जात नाहीत, टायर पिळलं गेलं नाही तर हातात येणार काय? मग आवाजाचे नियम, एक्झॉस्टमधले फिल्टर, टर्बो, या सगळ्यात इंजिनचा आवाज दबतो, म्हणून तो स्पीकरमधून वाजवतात. २०११ च्या एम५ पासून हे चालू आहे. मला याचं मनापासून वाईट वाटतं. इंजिन समोर चालू असताना त्याचा आवाज स्पीकरमधून कशाला ऐकायचा.

२०१८ मधे कंपनीने तीन महिने जर्मनीत श्टुटगार्टला पाठवलं होतं. तिथे ऑफिसात एक सोलापूरचे सीनियर होते, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो, त्यांच्याकडे १९९० ची माझदा एमएक्स-५, दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. एका रविवारी ब्लॅक फॉरेस्टमधल्या बी ५०० रस्त्यावर त्यांनी मला चालवायला दिली आणि एवढंच सांगितलं, "गिअर मनगटाने टाक, खांद्याने नको." १.६ लिटर, ११५ हॉर्सपॉवर, वजन साधारण ९५० किलो. गिअरचा दांडा इतका छोटा आणि त्याची चाल इतकी आखूड की दुसऱ्यातून तिसरा म्हणजे नुसता मनगटाचा झटका, आणि गिअर बसताना आतला धातू धातूला लागल्याचं तळहाताला कळतं. उतारावर तिसऱ्यातून दुसरा टाकताना ब्रेकवरच्या पायाच्या कडेने थोडी रेस दिली, क्लच सोडला, एकही धक्का नाही. सर खिडकीबाहेर बघत होते, ते वळून हसले. अख्ख्या रस्त्यात आम्ही स्पीड लिमिट मोडली नाही, आणि त्या तासाभराइतकं ड्रायव्हिंग मी आयुष्यात कधी केलं नसेल.

पण जुनं ते सगळं सोनं असं मी मानत नाही. जुन्या जड ऑटोमॅटिक कूपे पण चालवल्यात, झोप येते. आणि २०१५ पासूनची एमएक्स-५ नवीन असून, इलेक्ट्रिक स्टेअरिंग असूनही हजार किलोच्या आसपासच आहे, म्हणजे मनावर घेतलं तर आजही जमतं. वाढलेल्या वजनातला बराच भाग माणसांचा जीव वाचवायलाच आलाय हे पण खरं. बायको आणि मुलगी बरोबर असल्या की मी नवीनच गाडी काढतो, एक्सप्रेसवेला तर नेहमीच, तिथे सिटी नेतच नाही. लेक विचारते, "बाबा, ती लाल गाडी का नाही?" तिला सांगितलंय, अठरा वर्षांची झालीस की तुला त्याच गाडीवर शिकवणार. क्लच कुठे धरतो, पकड कधी सुटते, हे तिच्या हातापायांना एकदा कळलं की मग कुठलीही चालव म्हणावं.

त्यासाठी गाडी टिकायला हवी. २०२२ ला पासिंग केलं तेव्हा नवीन नियमाने पाच हजार फी भरली, वर पर्यावरण कर, भरायला काही वाटलं नाही. गिअरबॉक्समधल्या सिंक्रोच्या रिंगा आणि सस्पेन्शनचे बुश मिळतील तिथून घेऊन ठेवतोय, जुन्या बाजारात अधूनमधून जातो. तुमच्यापैकी कुणाकडे या मॉडेलचा थ्रॉटलचा केबल चांगल्या कंडिशनमधे असेल तर कळवा, योग्य किमतीला घेईन.

काल संध्याकाळी गॅरेजमधून फोन आला, सील बसली, तेल भरलं, शनिवारी अलाइनमेंट. रविवारी पहाटे साडेपाचला चांदणी चौकातून निघतोय, केमनवाला मित्र पण येतोय, पण या वेळी सिटी तो चालवणार आहे. अजून कुणाला यायचं असेल तर या, फक्त भूगाव-पिरंगुटमधून आवाज न करता जायचं, लोकं झोपलेली असतात.