पॅड बांधून बसलेला

मॅच टाइट झाली ना, की माझं लक्ष पिचवर नसतंच. कॅमेरा मधेच ड्रेसिंग रूमकडे वळतो बघा, तिथं एक जण पॅड बांधून, हेल्मेट मांडीवर घेऊन पाय हलवत बसलेला असतो. पुढचा नंबर त्याचा. पण विकेट पडल्यावर तोच उठेल याची काय गॅरंटी?

2 एप्रिल 2011, श्रीलंकेविरुद्धची वर्ल्डकप फायनल, कोथरूडला आमच्या हॉलमध्ये बारा-तेरा जण कोंबून बसलेलो. दिलशाननं स्वतःच्याच बॉलिंगवर कोहलीचा कॅच घेतला, 114 ला 3, अजून 161 हव्यात, सगळे युवराजची वाट बघतायत आणि वानखेडेच्या पायऱ्या उतरून कोण येतंय तर धोनी! त्या अख्ख्या वर्ल्डकपात त्याची एक फिफ्टी नव्हती. "अरे याला काय अवदसा आठवली," म्हणत शेजारचे काका उठून गॅलरीत गेले. धोनीचे 91 नाबाद झाले, सिक्स मारून मॅच संपली, आणि दुसऱ्या दिवशी हेच काका जिन्यात दुधाची पिशवी हातात धरून मला शिकवतायत, की गंभीर डावखुरा, युवराज पण डावखुरा, श्रीलंकेच्या मुरलीधरनचा, म्हणजे मुरलीचा, ऑफस्पिन दोघांनाही बाहेर जाणार, म्हणून मधे उजवा पाहिजे, शिवाय धोनीनं मुरलीला चेन्नईच्या टीममध्ये असताना नेटमध्ये भरपूर खेळलंय. सगळं बरोबरच होतं. पण समजा तो 10 वर आउट झाला असता तर?

2019 च्या वर्ल्डकपच्या सेमीफायनलला, न्यूझीलंडविरुद्ध, मँचेस्टरमध्ये उलटं झालं. 24 ला 4 आणि धोनी सातव्या नंबरवर. 18 रन्सनी हरलो आणि तो आधी का नाही आला यावर आमच्या कट्ट्यावर आजही चहा गार होतो.

गहुंजेला, पुण्याच्या स्टेडियमवर, मात्र कुणी नंबर बदलायच्या भानगडीत पडलं नाही. जानेवारी 2017, इंग्लंडचे 350, आपले 63 ला 4, आणि सहाव्या नंबरवर आपला पुण्याचा केदार जाधव. 76 बॉलमध्ये 120. त्या दिवशी ऑर्डरबद्दल कोण कशाला बोलेल!

आता माझं. धोनीचं ते फायनलमधलं बघून त्याच वर्षी, 2011 ला, सोसायटीच्या टेनिस बॉल मॅचला मी कॅप्टन म्हणून स्वतःला वर पाठवलं. चार ओव्हरमध्ये 28 हवे होते, क्रीजवर डावखुरा, पुढचा नंबर बी विंगमधल्या मुलाचा, तोही डावखुरा. तो बिचारा दोन ओव्हर ग्लव्ज घालून पायरीवर बसलेला, बॅट फिरवून फिरवून हात गरम केलेले. ग्लव्जची एकच जोडी, म्हणून त्याला काढायला लावले. काढताना वेलक्रोचा जो चर्र आवाज झाला ना, तो मला अजून ऐकू येतो. मी म्हणलं, "लेफ्ट-राइट ठेवू रे." तो काहीच बोलला नाही.

पहिलाच बॉल, मी पुढे सरसावलो, मधला स्टंप गेला. परत येताना ते ओले ग्लव्ज त्याच्या हातात दिले, त्यानं ते शांतपणे घातले आणि मॅच काढून दिली, एक बॉल राखून.

आता त्याला दोन पोरं आहेत. पार्किंगमध्ये मी गाडी रिव्हर्स घ्यायला लागलो की मागे उभा राहून हात दाखवतो, "या कॅप्टन, लेफ्ट, लेफ्ट… आता राइट!"