पांबनचे दोन पूल

रामेश्वरला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूचे लक्ष बहुधा देवळाकडे लागलेले असते, परंतु मुख्य भूमीवरचे मंडपम सोडल्यावर पांबन बेटाआधी आडवा येणारा समुद्र आणि त्यावरचे पूल यांसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. १९८८ साली खुल्या झालेल्या रस्त्याच्या उंच पुलावरून खाली पाहिले, तेव्हा १९१४चा जुना रेल्वेपूल आणि एप्रिल २०२५मध्ये सुरू झालेला नवा पूल शेजारी-शेजारी उभे होते. त्यामुळे तुलना करण्यासाठी आठवणीवर विसंबावे लागले नाही.

जुना पूल पाण्याला इतका लगटून जातो की दुरून त्याचे बुटके खांब एका रेषेत मिसळतात आणि त्या रेषेवर उठून दिसते ते केवळ मधल्या शेर्झर गाळ्याचे, म्हणजे जहाजांसाठी उघडणाऱ्या भागाचे, लोखंड. या गाळ्याची दोन पाती हाताने यंत्र फिरवून उचलली जात आणि जहाज जाईपर्यंत ती आकाशाकडे तिरकी उभी राहत. पूल मिटलेला असताना तो उघडतो कसा, हे नवख्या माणसाच्या सहसा लक्षात येत नसे.

नव्या पुलाचे तसे नाही. त्याचा ७२.५ मीटरचा मधला गाळा दुभंगत नाही, तर आडवाच्या आडवा, विजेच्या बळावर, १७ मीटर वर चढतो आणि त्यासाठी दोन्ही बाजूंना उभारलेले मनोरे गाळा खाली असतानाही कायम दिसत राहतात. रूळही पूर्वीपेक्षा सुमारे तीन मीटर उंचावर आहेत. जुन्या पुलाचे लहान-लहान गाळे दाटीवाटीने येतात; येथे मात्र १८.३ मीटरचे ९९ गाळे असल्याने खांबांमधून पलीकडचा समुद्र अधिक मोकळा दिसतो. मनोऱ्यांमुळे क्षितिज तुटते, अशी तक्रार काही प्रवासी करत होते. मला ती पटली नाही, कारण गाळा सरळ वर उचलायचा तर मनोरे हवेतच आणि येथे ते कसलीही नक्षी न लावता उभे केले आहेत.

तरीही माझा जीव जुन्या पुलातच अडकतो. डिसेंबर १९६४च्या वादळात धनुष्कोडीची गाडी प्रवाशांसह समुद्राने नेली, पुलाच्या बहुतेक तुळया वाहून गेल्या, पण शेर्झर गाळा टिकला. पुढे कोकण रेल्वे उभारणारे ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली हा पूल अवघ्या ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजत गेल्यामुळे डिसेंबर २०२२मध्ये त्यावरची वाहतूक थांबली आणि मी पाहिले तेव्हा त्याच्या तुळयांवरचे तांबूस ओघळ रस्त्यावरूनही दिसत होते. ते पाहिल्यावर नव्या पुलाच्या गजांसाठी गंजरोधक पोलाद का वापरले, हे निराळे सांगावे लागत नाही.

गाडीतून जाताना मात्र फरक वेगळा जाणवतो. जुन्या पुलावर गाडी अत्यंत संथ चाले, कठडा नसल्याने खिडकीखाली थेट लाटा दिसत आणि पोटात गोळा येई. नव्या पुलावरही खाली समुद्रच आहे, पण वेग वाढल्यामुळे तो पाहेपर्यंत पांबन येते. जुना पूल काढून टाकला, तरी निदान शेर्झर गाळ्याची दोन्ही पाती, उघडलेल्या स्थितीत, मंडपमच्या किनाऱ्यावर उभी करून ठेवावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.