हर्पिसच्या गोळ्या: घड्याळ बघा आणि किडनीला विचारा

ओठाच्या कडेला चुणचुण सुरू झाली की मला कळतं, उद्यापर्यंत इथे पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुबका येणार. आरशात अजून काहीच दिसत नसतं, फक्त तेवढ्याच जागी जीभ लावली तर जरा ताठर लागतं आणि किंचित आग होते. औषध घ्यायची खरी वेळ हीच! पण बहुतेक लोक काय करतात, फोड येऊ देतात, फुटू देतात, खपली धरली की मग गोळ्या सुरू करतात आणि वर म्हणतात काही उपयोग होत नाही या औषधाचा.

उपयोग होणार कसा, ते औषध नेमकं करतं काय ते बघा ना. ॲसायक्लोव्हिर, म्हणजे हर्पिसचं नेहमीचं औषध, पोटात गेल्यावर तसं निरुपद्रवी असतं. हर्पिसचा व्हायरस ज्या पेशीत शिरलाय तिथे व्हायरसचंच एक एन्झाइम त्याला चालू करतं, आणि चालू झालेलं औषध व्हायरसच्या नव्या डीएनएच्या साखळीत जाऊन बसतं आणि साखळी तिथेच थांबते. म्हणजे चोराच्याच किल्लीने कुलूप लावायचं. आपल्या निरोगी पेशींकडे ती किल्लीच नाही, म्हणून त्यांना फारसा त्रास होत नाही. (ज्या टीमने हे शोधलं त्यात गर्ट्रूड एलियन होत्या, १९८८ च्या नोबेलच्या मानकरी, आणि मला हे औषध आजही डोकेबाज वाटतं.) पण यातूनच दोन गोष्टी निघतात. एक, औषध फक्त नवीन कॉपी थांबवतं, झालेली जखम भरून काढत नाही, म्हणून जेवढं लवकर तेवढं बरं. दोन, नसांच्या गाठींमध्ये झोपलेला व्हायरस कॉपीच करत नसतो, त्यामुळे त्याला हे औषध शिवतही नाही. हर्पिस मुळापासून बरा करणारी गोळी आजतरी नाही, कोणी तसं सांगून काही विकत असेल तर सरळ नाही म्हणा.

नागीण म्हणजे शिंगल्स, तीही याच कुटुंबातली, कांजण्यांचा व्हायरस परत जागा होतो ती. तिथेही घड्याळ कडक, पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू व्हावं असं बघतात. उशीर झाला म्हणून डॉक्टरकडे जायचंच नाही असं मात्र करू नका, नवीन फोड येतच असतील किंवा डोळ्याजवळ असेल तर नंतरही देतात.

आता डोसबद्दल, कारण घोळ सगळे इथेच होतात. तोंडाने घेतलेलं ॲसायक्लोव्हिर जेमतेम १५ ते २० टक्के रक्तात पोचतं आणि तेही दोन-तीन तासांत अर्धं होतं, म्हणून नागिणीला ते दिवसातून पाच वेळा घ्यावं लागतं आणि बऱ्याच लोकांचे मधले डोस चुकतात. व्हॅलासायक्लोव्हिर त्याचंच सुधारलेलं रूप, शरीरात गेल्यावर त्याचं ॲसायक्लोव्हिरच होतं, फक्त शोषलं जास्त जातं म्हणून कमी वेळा घ्यावं लागतं. म्हणजे नावं दोन पण औषध एकच! एका डॉक्टरने हे दिलंय, जुनी स्ट्रिप त्याची पडलीय, मग दोन्ही घेऊ, असं केलंत तर तो डबल डोस झाला.

आणि आजाराप्रमाणे हिशोब पूर्ण वेगळा. किडनी ठणठणीत असलेल्या मोठ्या माणसाला ओठावरच्या हर्पिससाठी व्हॅलासायक्लोव्हिर २ ग्रॅम, बारा तासांनी परत २ ग्रॅम, संपलं. तेच नागिणीला १ ग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस. जननेंद्रियावरच्या पहिल्या हर्पिसला वेगळं, परत परत येणाऱ्याला वेगळं. हे आकडे मी तुम्ही स्वतः घ्यावे म्हणून लिहीत नाहीये, बहिणीची उरलेली स्ट्रिप आपल्याला का चालत नाही ते कळावं म्हणून लिहितेय. एखादा डोस राहिला तर आठवल्यावर घ्या, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नको.

किडनीबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण आमच्या घरात ते घडलंय. माझ्या मोठ्या काकांना बरगडीवर नागीण उठली, वय झालेलं, डायबिटीस जुना. गोळ्या वेळेत सुरू झाल्या, डोस पूर्ण, सगळं बरोबर वाटत होतं. फक्त त्यांचं क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ततपासणी) किती आहे हे ना कोणी विचारलं ना आम्ही सांगितलं, आणि आग सहन होईना म्हणून काका मधेमधे स्वतःच्या मनाने पेनकिलर घेत होते, पाणी नेहमीसारखंच कमी. दोन-तीन दिवसांत ते असंबद्ध बोलायला लागले. भिंतीपाशी माणसं उभी आहेत त्यांना बसायला द्या म्हणे, हात थरथरायचे, मधेच गुंगी. सगळे म्हणाले दुखण्याने थकलेत, झोप नाहीये, वय झालंय. ॲडमिट केल्यावर तिथल्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती गोळ्यांची यादी बघितली आणि रक्त तपासलं. औषध किडनीवाटे बाहेर पडतं, किडनी मंद असेल तर ते साचत जातं आणि डोक्यावर परिणाम करतं. शिवाय शरीरात पाणी कमी असलं तर किडनीच्या बारीक नळ्यांमध्ये त्याचे स्फटिक साचू शकतात, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर त्याच किडनीवर आणखी भार टाकतात. औषध बंद केलं, सलाईन लावलं, हळूहळू काका ताळ्यावर आले, आणि ती भिंतीपाशी उभी माणसं त्यांना आता आठवतही नाहीत.

म्हणून वय जास्त असेल, डायबिटीस-बीपी जुनं असेल, किडनीचा काही त्रास असेल तर गोळी लिहून देणाऱ्याला आधी ते सांगा आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवा. त्यामुळे गोळी घेताच येत नाही असं नसतं, डोस कमी किंवा दोन डोसमधलं अंतर जास्त होतं एवढंच. ट्रान्सप्लांट झालेल्यांनी आणि टेनोफोव्हिर (एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी चं औषध) घेणाऱ्यांनी तर नक्कीच सांगावं. आणि हे डोक्यात ठेवा की ताप, डोकेदुखी, अचानक विचित्र वागणं, फिट, असं काही दिसलं तर ते औषधामुळे नसून मेंदूला हर्पिस झाल्यामुळेही असू शकतं, दोन्हीत घरी थांबायचं नाही. मेंदूच्या हर्पिसला गोळी पुरत नाही, शिरेतून ॲसायक्लोव्हिर द्यावं लागतं, तेही दोन-तीन आठवडे.

बाकी बहुतेकांना मळमळ, डोकेदुखी यापलीकडे काही होत नाही. गोळी जेवणाआधी घेतली काय नंतर घेतली काय, चालतं. क्रीमबद्दल माझं मत विचाराल तर ओठावर थोडाफार फरक पडतो, गोळीची सर नाही. पण कुठलीतरी खाज-पुरळाची मिक्स क्रीम ज्यात स्टेरॉइड असतं ती स्वतःच्या मनाने हर्पिसवर चोपडू नका, पसरायला मदतच होते. डोळा लाल, दुखतोय, उजेड सहन होत नाही, किंवा नागीण नाकाच्या शेंड्यावर आलीय, तर सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे, घरातले जुने ड्रॉप्स अजिबात नको, त्यात स्टेरॉइड असेल तर बुबुळाची जखम वाढते.

गरोदर बायकांना ॲसायक्लोव्हिर बरीच वर्षं दिलं जातंय, जननेंद्रियाचा हर्पिस असेल तर ३६ व्या आठवड्यापासून रोज देतात म्हणजे प्रसूतीच्या वेळी फोड नसावेत. फक्त डॉक्टरला आधीच सांगितलेलं असायला हवं, लाजून गप्प राहिलं तर बाळाला धोका, नवजात बाळाचा हर्पिस फार वाईट असतो. त्याच कारणाने ओठावर फोड असताना तान्ह्या बाळाची पापी घ्यायची नाही, आजी असो नाहीतर आत्या.

ज्यांना सारखं सारखं येतं त्यांच्यासाठी रोज कमी डोसची गोळी हाही पर्याय आहे. अटॅक खूप कमी होतात, आणि जननेंद्रियाच्या हर्पिसमध्ये रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्याने जोडीदाराला लागण व्हायचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं असं दिसलंय. निम्म्यावर, शून्यावर नाही. फोड नसतानाही व्हायरस त्वचेवर येऊ शकतो, त्यामुळे कंडोम लागतोच आणि जोडीदाराला सांगावंही लागतं, गोळी चालू आहे म्हणून ते टळत नाही. ही रोजची गोळी जन्मभराची असेलच असं नाही, काळाबरोबर अटॅक आपणहून विरळ होत जातात, त्यामुळे वर्षातून एकदा डॉक्टरशी बोलून अजून लागतेय का ते ठरवतात.