गळ्यातले खिळे

"हे गळ्यात काय अडकवलंयस रे?" आईनं व्हिडिओ कॉलवर विचारलं.

आमची रात्रीची जेवणं उरकलेली. धाकटा भाऊ तिकडे अमेरिकेत मॅडिसनला सकाळच्या उन्हात, गोठलेल्या मेंडोटा तळ्यावर उभा. मागं शिडाची होडी, खाली पोलादी पाती. वाऱ्याच्या तिप्पट वेगानं पळते म्हणे! गळ्यात दोरी, तिला दोन लाकडी मुठी, टोकाला खिळे.

"बर्फ फुटून आत पडलो तर हे रोवून वर यायचं."

आई गप्पच झाली.

मग त्यानं बर्फाला भोकं पाडून जाडी मोजून दाखवली. काळसर, पारदर्शक बर्फ 4 इंच असला तर माणसानं चालायचं. होडीला आणखी जाड हवा. पांढुरका असला तर ताकद निम्मीच धरायची. एका भोकात 6 इंच, थोडं पुढं जेमतेम 3.

"काल मोजलं होतंस ना? मग आज परत?"

"काल वारा वेगळा होता गं."

ते वाक्य डोक्यातून जाईना. 2019 च्या महापुरात आम्ही सांगलीकर रात्रभर एकमेकांना विचारत होतो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट? 40 ला इशारा, 45 ला धोका, सगळं तोंडपाठ. तरी आमचे बाबा हलले नाहीत. "2005 ला पाणी पायरीला लागून परत गेलंय." पाणी 57 च्या वर गेलं. बाबांना होडीतनं काढलं, तेव्हाही कुलूप नीट लागलंय का बघत होते.

आज सकाळी चहा व्हायच्या आधीच आईचा त्याला मेसेज. "आज किती इंच?"

तुमच्याकडं पायरी कुठली धरतात?